विंडोजच घ्या म्हणणाऱ्यांनो, आधी विमान कुठलं ते विचारा

घिरटी
परवा धनकवडीच्या मामांनी साधा प्रश्न विचारला होता. भाचा बारावी झालाय, पायलट व्हायचं डोक्यात बसलंय, फ्लाइट सिम्युलेटरसाठी लाखभरात कॉम्प्युटर जुळवायचाय, काय घेऊ? त्यावर कॅप्टन_कोथरूड यांनी दोन ओळींत निकाल लावला: "डोळे झाकून विंडोज ११ आणि बजेटमध्ये बसेल ते सगळ्यात मोठं ग्राफिक कार्ड. लिनक्सवर विमानं उडत नाहीत, प्रवचनं उडतात." खाली अंगठ्यांची रांग. मी रात्री दीडपर्यंत तळमळलो, शेवटी म्हटलं लिहूनच टाकू.

अहो, भाचा उडवणार काय आहे ते तरी विचाराल? मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर २०२० किंवा २०२४ असेल तर विषयच संपला, विंडोज घ्या. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणाऱ्या प्रोटॉनवर २०२० चालवणारे लोक आहेत, पण पोराला विमान उडवायचंय, रोज संध्याकाळी ठिगळं लावत बसायचं नाहीये. एक्स-प्लेन १२ हे दुसरं सिम्युलेटर असेल तर गोष्ट वेगळी. ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर कंपनीच देते. त्यात वेगळी बसवायची विमानंही चालतात: टोलिसची एअरबस लिनक्सवर चालते, झिबोचं बोइंग ७३७ फुकट आणि तेही चालतं, व्हॅटसिमवर, म्हणजे खऱ्या माणसांच्या ऑनलाइन कंट्रोलवर, जायला एक्सपायलट हे सॉफ्टवेअर आहे. डेमो फुकट आहे, उतरवून बघा आणि मग बोला. कर्वेनगरला माझा संसार लिनक्सवर, आधी एक्स-प्लेन ११ वर आणि आता १२ वर असाच चाललाय.

आता ग्राफिक कार्ड. हा गोळ्या झाडायचा खेळ नाही. विमानाचं, हवेचं, कॉकपिटमधल्या घड्याळांचं बरंचसं गणित प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येऊन बसतं आणि बाकीचे कोअर लग्नातल्या भावकीसारखे हात बांधून बघत उभे राहतात. माझ्याकडे रायझन ५ ३६०० होता. मुंबईवर उतरताना सेकंदाला २२ फ्रेम, म्हणजे पडद्यावर २२ चित्रं, मिळायच्या. त्याच बोर्डावर बायॉस अपडेट करून रायझनचाच ५८००एक्स३डी बसवला, ९६ एमबी एल३ कॅशवाला, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच मोठी मेमरी असलेला. कार्ड तेच, रॅम तीच, तोच अप्रोच, आणि ३५ फ्रेम.

रॅमचंही सांगतो. जिथून मशीन जुळवून घेतलं त्या दुकानदाराने ३२०० ची रॅम लावली आणि बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालूच केली नाही. आठ महिने ती २१३३ वर चालत होती. मला वाटायचं विमानच जड आहे.

कॅप्टन_कोथरूड
आलं प्रवचन. आणि चार परिच्छेदांनंतर कबूल काय केलंत, तर २०२४ साठी विंडोज घ्या. मग मी वेगळं काय म्हटलं होतं?

भाच्याचे सगळे मित्र मायक्रोसॉफ्टवर आहेत. तुमच्या एक्स-प्लेनमध्ये मी लोहगावहून उठून डावीकडे वळलो तर आमचं कोथरूड कुठल्यातरी अमेरिकन गावासारखं दिसतं. २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी, सिंहगडाचा उतार, एआरएआयची टेकडी, सगळं जागच्या जागी. बायकोला दाखवलं तर तिने पहिल्यांदा या छंदाला बरं म्हटलं. फिनिक्स कंपनीची एअरबस ए३२० तुमच्याकडे नाही. फ्रेम जनरेशन तुमच्याकडे नाही, ते ज्या कार्डात आहे तेच तुम्ही घेऊ नका म्हणताय. माझं कार्ड मोठं आहे आणि मला ६० फ्रेम मिळतात. बसा कॅश मोजत.

घिरटी
निम्म्या फ्रेम कार्डाने मनाने रचलेल्या. स्टिक ओढल्यावर विमान कधी ऐकतं ते बघा, मग साठ सांगा.

आणि ऑर्थोफोरएक्सपी नावाची चीज असते, वरून काढलेल्या फोटोंवरून एक्स-प्लेनची जमीन बनवणारी. तिने टेकड्याही येतात आणि तुमची सोसायटीही येते. डिस्क खाते, मान्य. पण एकदा उतरवलं की घरात. तुमच्या २०२४ ची जमीन उडता उडता इंटरनेटवरून येते, कंपनीच ५० एमबीपीएस सुचवते. नेट गेलं की सिंहगडाचं मेण होतं.

आबा_शनिपार
मी पेन्टियमवर मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर ९८ पासून उडवतोय. तेव्हा सुरुवात शिकागोच्या मेग्ज फील्डवरून व्हायची, तळ्याकाठची ती एकच धावपट्टी. २००३ साली तिथल्या महापौराने रातोरात बुलडोझर घालून ती उखडली. मला पेपरात वाचून घरचं कोणी गेल्यासारखं झालं होतं. नंतर त्याचंच पुढचं एफएसएक्स आलं २००६ ला. ते ३२ बिटचं, चार जीबीच्या वर मेमरी घ्यायचंच नाही, ऐन उतरताना मान टाकायचं. तेव्हा कोणी लिनक्स की विंडोज म्हणून भांडत नव्हतं, सगळे सारखेच रडत होते.

माझा प्रश्न असा. माझं मशीन आय७-७७०० चं, एनव्हिडियाचं १०७० कार्ड, १६ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत बसत नाही. मला फक्त सेसना १७२ मध्ये बसून जुहूहून निघायचं आणि कोकणच्या किनाऱ्याने खाली जायचं. एवढ्यासाठी नवं घेऊ?

कॅप्टन_कोथरूड
आबा, ते भंगारात द्या आता. आठ-नऊ वर्षांचं मशीन म्हणजे त्याचं आयुष्य झालं.

आबा_शनिपार
भंगारात काय द्यायचं ते मी ठरवीन. माझं वय एकाहत्तर आहे, उद्या मलाही जुन्या बाजारात नेऊन बसवाल रविवारी. विचारलं काय, उत्तर काय.

घिरटी
आबा, राग मानू नका, त्यांना प्रत्येक दुखण्यावर एकच गोळी माहीत आहे. त्या मशीनवर लिनक्स मिंट टाका. एक्स-प्लेन ११ असेल तर निवांत चालेल. १२ हवं असेल तर ढग कमी ठेवा आणि आधी डेमोवर बघा. जॉयस्टिक लावली की बहुतेक वेळा आपोआप ओळखली जाते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र ड्रायव्हर मॅनेजरमधून त्यांचाच निवडा.

हडपसरची_घार
दोघांचंही वाचून हसू आलं. मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला बसलेय खऱ्या ग्लायडरमध्ये. घरी कॉन्डोर हे ग्लायडरचं सिम्युलेटर चालवते, ते फक्त विंडोजवर चालतं म्हणून माझ्याकडे विंडोज. त्यात तत्त्व वगैरे काही नाही.

पण भाच्याला पायलट व्हायचंय ना? मग कार्ड की कॅश हा वाद बाजूला ठेवा आणि रडर पेडल घ्या. ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, जेमतेम बोटभर. विमान तिरकं सरकायला लागलं की तो धागा बाजूला पळतो, आणि त्याला परत मध्ये आणायचं काम पायांचं. माझ्या पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तो धागा एकदाही सरळ राहिला नाही, कारण घरी तीन वर्षं मी जॉयस्टिकला पीळ देऊन रडर मारत होते. पाय झोपलेलेच. मागच्या सीटवरून सर एवढंच म्हणाले, "ताई, खाली पाय आहेत तुम्हाला." ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचने दोर ओढला की पोटात काय होतं ते तर कुठलंच कार्ड दाखवत नाही.

आणि घरच्या सिम्युलेटरचे तास सीपीएलच्या, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या, २०० तासांत धरत नाहीत, हे मामांनी भाच्याला आत्ताच सांगून ठेवावं. नाहीतर पोरगं तासांची वही करून बसेल. आमच्याकडे एकाने केली होती.

फेज_न्यूट्रल
कार्ड, कॅश, पेडल सगळं झालं. लाईट गेल्यावर काय करणार ते कोणी बोललं का? पुण्यात राहता ना सगळे? गुरुवारी लाईट जाते ना तुमच्याकडे?

मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो. मागच्या वळवाच्या पावसात सहकारनगरला एकाकडे गेलो होतो. साडेदहा हजार फुटांवरच्या लेहला उतरत होता म्हणे, डोंगरांच्या मधून, धावपट्टी समोर. बाहेर गुलमोहराची फांदी तारेवर पडली. यूपीएस होता, नाही असं नाही, पण लाईट गेल्या क्षणी यूपीएस किंचाळला आणि कॉम्प्युटर बंद. खोक्यावर ६०० लिहिलेलं. अहो ते ६०० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे. वॅटमध्ये ते ३६०. कार्ड ४०७०, त्याचेच २०० वॅट, प्रोसेसरचे १०५, वर मॉनिटर, पंखे, बोर्ड. नुसतं मेल वाचत बसला असता तर टिकलं असतं, उतरताना कसं टिकेल? लोक सत्तर हजारांचा डबा घेतात आणि त्याला ऑफिसातल्या टायपिंगच्या मशीनचा यूपीएस लावतात. शिवाय राउटर यूपीएसवर नसेल तर ते २०२४ वालं विमान हवेत राहील आणि जमीन गायब.

कॅप्टन_कोथरूड
घरी इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला? आमच्याकडे पाच वर्षं इन्व्हर्टरवरच चाललंय, एकदाही बंद पडलं नाही.

फेज_न्यूट्रल
तुमचं नशीब. इन्व्हर्टरला बहुतेक वेळा एक बारीक स्विच असतो, त्यावर इको आणि यूपीएस असं लिहिलेलं. इकोवर असेल तर बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर झोपतो. ट्यूब आणि पंख्याला कळत पण नाही. तुमचा बहुतेक बसवणाऱ्याने यूपीएसवर करून ठेवलाय. आणि साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा, असेल. स्क्वेअर वेव्हचा असता तर चांगल्या प्रतीच्या पॉवर सप्लायने कुरकुर केली असती, कधी कधी चालूच राहत नाहीत.

कॅप्टन_कोथरूड
तुम्ही न बघता माझ्या घरातला स्विच सांगताय. कमाल आहे.

फेज_न्यूट्रल
उठून बघा की. दोन मिनिटांचं काम.

आबा_शनिपार
आमच्याकडे गुरुवारी पाणीही नसतं आणि लाईटही नसते. मी गुरुवारी उडवतच नाही. उपास धरलाय समजा.

हडपसरची_घार
विषय सिम्युलेटरचा होता ना?

फेज_न्यूट्रल
विजेशिवाय सिम्युलेटर चालवून दाखवा, मी विषयावर येतो.

कॅप्टन_कोथरूड
बघितला. यूपीएसवरच आहे. साइन वेव्ह. झालं समाधान?

आता चाललंच आहे तर घिरटींना एक सांगतो. काल रात्री २०२४ चा फ्रेम काउंटर लावून मुंबईवर घिरट्या घातल्या. तो सरळ "लिमिटेड बाय मेन थ्रेड" असं दाखवतो. कार्ड निम्मं रिकामं. म्हणजे प्रोसेसरचं तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लिनक्सचं म्हणणं मात्र टाकाऊच. आणि विंडोजवाल्या सगळ्यांसाठी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर सेव्हिंगची खूण काढून टाका, नाहीतर लांबच्या फ्लाइटमध्ये जॉयस्टिक डुलकी काढते. हे कुठल्या प्रवचनात सांगत नाहीत.

घिरटी
"अगदीच टाकाऊ नाही." फ्रेम करून भिंतीला लावतो.

आबा_शनिपार
मिंट टाकलं. नातीने पेनड्राइव्ह करून दिला. जॉयस्टिक ओळखली, फक्त थ्रॉटल उलटा आहे, पुढे ढकलला की इंजिन बंद. तो सरळ कुठे करतात?

घिरटी
सेटिंगमध्ये जॉयस्टिक, त्या अक्षासमोर "रिव्हर्स"ची खूण असेल ती करा आबा. जुहूहून निघालात की कळवा.

मामा_धनकवडी
सगळं वाचलं, निम्मं कळलं. भाच्याला विचारलं, तो २०२४ म्हणतोय, मित्र तिथेच आहेत. म्हणजे विंडोज. प्रोसेसर घिरटींचा, कार्ड मधलं, रॅम ३२, पेडल ताईंच्या शब्दावर. २०० तासांचं सांगितल्यावर थोडा पडेल झाला होता, पण आता ग्लायडिंगचं विचारतोय. यूपीएससाठी शनिवारी तापकीर गल्लीत जातोय. फेजसाहेब, ११०० व्हीए पुरेल का? दुकानदार ६०० च भरपूर म्हणतोय.

फेज_न्यूट्रल
तो म्हणणारच. व्हीएवर जाऊ नका, मागच्या स्टिकरवर वॅट बघा, सहाशेच्या वर पाहिजेत. बॅटरीवरची तारीखही बघा, वर्षभर पडून राहिलेली गळ्यात मारतात. मी शनिवारी चारनंतर बुधवार पेठेतच आहे. मी येईपर्यंत पैसे देऊ नका.