कबड्डीच्या मैदानावरून रिमोट प्रॉडक्शन, छोटा एसडीआय राउटर कुठला न्यावा?

कळवाकर_कॅम
नमस्कार मंडळी, ठाण्यात दर वर्षी ३ दिवसांची कबड्डी स्पर्धा आम्ही लाइव्ह करतो. मैदानावर ५ कॅमेरे, स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट घेणारं यंत्र) आणि डायरेक्टर मात्र ऐरोलीच्या ऑफिसात. मागच्या वर्षी ऐन सेमीफायनलला एक एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवरून पाठवणारा डबा) बसला, त्यात मेन कॅमेराच गेला, आणि आमचा पोरगा मंचामागच्या अंधारात टॉर्च मारून बीएनसी (व्हिडिओ केबलचा कनेक्टर) शोधतोय, ३ चढाया हुकल्या, फार वाईट वाटलं. आता मैदानावर एसडीआय राउटर (केबलवरून आलेलं चित्र हव्या त्या आउटपुटला वळवणारा डबा) ठेवून कुठला कॅमेरा कुठल्या एन्कोडरला हे ऐरोलीतूनच बदलायचं ठरवलंय. ब्लॅकमॅजिकचा १० बाय १० (१० इनपुट, १० आउटपुट) व्हिडिओहब राउटर पुरेल का? सगळं १०८०आय५० (एचडी व्हिडिओचा एक प्रकार) आहे, लांबचा कॅमेरा ८० मीटरवर.

जुना_बीएनसी
आधी कागदावर मोज. इनपुटला ५ कॅमेरे, स्कोअरचा लॅपटॉप, ऐरोलीहून परत येणारा प्रोग्राम, झाले ७. आउटपुटला ५ एन्कोडर, १ स्पेअर एन्कोडर (तुझी खरी गरज हीच), एलईडी वॉल, रेकॉर्डर, समालोचकांचा मॉनिटर, म्हणजे ९. इंजिनिअरला बघायला एक दिला की १० संपले, पुढच्या वर्षी सहावा कॅमेरा आला तर काय करशील? २० बाय २० घे. ८० मीटरचं टेन्शन नको, १०८०आय५० म्हणजे सेकंदाला १.४८५ गिगाबिट, चांगल्या आरजी-६ केबलवर आरामात जातं.
आणि हे नक्की लक्षात ठेव, व्हिडिओहबचा नेटवर्क कंट्रोल ९९९० पोर्टवर चालतो, त्याला पासवर्ड नसतो. पोर्ट फॉरवर्ड करून इंटरनेटवर उघडा टाकू नकोस, व्हीपीएनमधूनच (खासगी, सुरक्षित जोडणीतूनच) जा.

वाशी_लाइव्ह
राउटर नुसता रस्ता बदलतो. कॅमेरे जेनलॉक (एकाच तालावर बांधलेले) नसतील तर सोर्स बदलल्यावर पुढचा एन्कोडर क्षणभर अडखळतो, म्हणून ऐरोलीत आधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट घ्या, मगच राउटरला हात लावा.
एसआरटीवर (इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवायची एक पद्धत) पाठवताय ना? डिफॉल्ट लेटन्सी (मुद्दाम ठेवलेला उशीर) १२० मिलिसेकंद असते, ती राउंड ट्रिपच्या (डेटा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेच्या) ४ पट तरी ठेवा आणि पाचही एन्कोडरला एकच आकडा टाका, एन्कोडरही शक्यतो एकाच मॉडेलचे. नेरूळला आम्ही एका कॅमेऱ्याला वेगळा आकडा ठेवला होता, तर चढाईवाला मधली रेषा शिवून परत आलेला दिसायचा आणि कट झाला की पुन्हा पलीकडेच, बघणाऱ्याला कळेना पॉइंट मिळाला की गेला. अपलोड म्हणाल तर ८ मेगाबिटचे ५ म्हणजे ४०, रिट्रान्समिशनला (हरवलेला डेटा पुन्हा पाठवायला) वर २५ टक्के, ५० तरी हवंच. त्यातलं किती खरंच मिळतंय ते स्पर्धेच्या वेळेला, संध्याकाळी जाऊन तपासा.

रॅकवाली
आणि राउटरच बसला तर? सगळी अंडी एका टोपलीत झाली ना. कॅमेरा १ राउटरच्या आधी डीएमध्ये (एका सिग्नलचे अनेक सिग्नल करणारा डबा) फोडा, एक लाइन राउटरला, दुसरी थेट एन्कोडरला. राउटर आणि इंटरनेटचा डबा दोन्ही यूपीएसवर, जनरेटर बदलताना लाइट जातेच. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, एका टोकाला लावून उपयोग नाही.

कळवाकर_कॅम
दादा, २० बाय २०च घेतो. ताई, डीएचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. रविवारी ऑफिसात सगळं जोडून चालू एन्कोडरची वायर मुद्दाम उपटणार आहे, चित्र परत यायला किती सेकंद लागतात ते इथेच सांगतो.