विषय: साताऱ्याची स्विफ्ट – रीमॅप करायची की टर्बो हॅचबॅक घ्यायची? (लवकर सांगा)

प्रसाद:

मंडळी नमस्कार, इथं जर्मनीत बसून आपल्या मेल-यादीवर साताऱ्याच्या घरच्या गाडीबद्दल विचारतोय.

आमच्या गोडोलीच्या (सातारा) घरची स्विफ्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये, दादांच्या पंच्याहत्तरीला तिनंच सगळ्यांची ने-आण केली होती. २०११ ची व्हीडीआय, म्हणजे डिझेल. आता आमचा संदीप वापरतो. शुक्रवारी रात्री हिंजवडीहून सातारा, सोमवारी पहाटे परत. त्याचं म्हणणं, खंबाटकी घाट चढताना ट्रकला ओव्हरटेक मारायला जावं तर गाडी उचलतच नाही. पुण्यात एक जण ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून देतो म्हणतोय, तेवढं करू या, असा त्याचा आग्रह आहे. मला वाटतं, त्यात पैसे घालण्यापेक्षा आय-ट्वेंटी एन लाइन किंवा जुन्या बाजारातली पोलो टीएसआय, अशी टर्बो पेट्रोल गाडी घ्यावी. दादा म्हणतात, चालतीय ना, मग राहू द्या.

नोव्हेंबरात आरसीची (नोंदणीची) पंधरा वर्षं भरतायत, म्हणून घाई. कृपया ज्यांना यातलं कळतं त्यांनीच लिहा.

प्रसाद

---

मंदार:

प्रसाद,

पेट्रोल गाडी असती तर एका ओळीत नको म्हटलं असतं. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला रीमॅप करून हाताला जाणवेल असं काही मिळत नाही. तुझ्या डिझेलला फरक पडेल. ते १.३ मल्टिजेट, मूळचं फियाटचं. स्विफ्टमध्ये ७५ पीएस (ताकद) आणि १९० एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ). तेच इंजिन एर्टिगा, सियाझमध्ये ९० पीएस, २०० एनएम द्यायचं, म्हणजे इंजिनात दम आहे. पण त्यांचा टर्बो व्हेरिएबल जिऑमेट्रीचा (वेगाप्रमाणे पाती वळणारा), तुझा फिक्स्ड. संदीपला जे जाणवतंय ते बहुतेक २००० आरपीएमच्या खालचं असणार, टर्बो भरायच्या आधीचं. रीमॅपनं ते पूर्ण जात नाही. एक गिअर खाली टाकला की जातं.

आणि रीमॅपच्या आधी गाडी मुळात स्वतःची ताकद देतेय का ते बघा. क्लच घसरतोय का हे कळायला गॅरेज लागत नाही: चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा, आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच गेला. ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं चोंदलाय का बघा. टर्बोच्या रबरी होजला चीर असेल तर जोर लावताना सुस्स आवाज येतो आणि धूर काळा पडतो. या वयाच्या गाडीत यातलं एक तरी निघतंच. अशा गाडीवर रीमॅप चढवला तर जादा टॉर्क आधी क्लच खाईल.

मंदार

---

अरविंदकाका:

चि. प्रसाद,

मंदारनं इंजिनाचं सांगितलं ते बरोबर. पण तुम्हा पोरांची चर्चा इंजिनापाशीच का थांबते? सातारा-पुणे साधारण ११० किलोमीटर. सलग ९० नं गेलास तर ७३ मिनिटं, सलग ११० नं गेलास तर ६०. तेरा मिनिटांचा फरक, तोही रस्ता मोकळा मिळाला तर. मध्ये आनेवाडी आणि खेड शिवापूरचे टोल आहेत, सहापदरीकरणाचे डायव्हर्जन आहेत. चौपदरी रस्त्याला केंद्राची कमाल मर्यादा १००.

संदीपला पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की तो एसच्या आकाराचा उतार. तिथं किती गाड्या गेल्या हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. त्या उतारावर ९० पीएस कामाला येत नाहीत, टायर आणि ब्रेक येतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून मला कळव. सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही दिसू दे, रबर कडक झालेलं असतं, पावसात धरत नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेही विचार. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि घाटात तापलं की पेडल स्पंजासारखं होतं. आमचे जावई साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या घाटातून उतरत होते, पूर्ण रस्ता ब्रेकवर, गिअर टॉपला. खाली येईपर्यंत लायनिंगचा वास आणि पेडल तळाला. देवानं वाचवलं. त्या वर्षी ते ऑइल बदललेलं नव्हतं.

माझा सल्ला: चार टायर, शॉकॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे रबरी बुश, डिस्क-पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल. मग चालवून बघा, गाडी वेगळी वाटेल.

काका

---

विद्या (यादी व्यवस्था):

सर्वांना विनंती, गणपतीच्या हॉलच्या मेल या धाग्याखाली दबल्यात. वैयक्तिक खरेदीचे विषय सातारकरांच्या गटावर न्यावेत, असं मार्चच्या बैठकीत ठरलं होतं.

---

अरविंदकाका:

विद्या, मार्चच्या बैठकीत "जाहिराती" असं ठरलं होतं, मी स्वतः हजर होतो. ही जाहिरात नाही. यादी सुरू झाली तेव्हापासून इथं घराचे, गाडीचे प्रश्न विचारले जातात, आणि नवीन आलेल्या मुलांना त्याचाच आधार असतो. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, त्याची काळजी नको.

---

शुभांगी:

काका, किल्ली रविवारपर्यंत माझ्याकडे द्या, मखराचं सामान ठेवायचंय.

प्रसाद, दोन गोष्टी. एक, विमा. इथं जर्मनीत ट्यूफकडून (वाहन तपासणी संस्था) मंजूर न करता इंजिनाची ताकद वाढवली तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर नोंदलेल्या गोष्टी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा बदलता येत नाहीत. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक करतात. पण मोठा अपघात झाला आणि विमा कंपनीनं ईसीयू तपासला, तर तुम्ही बदल कळवला होता का, हाच पहिला प्रश्न येणार. संदीप दादा-वहिनींना घेऊन फिरतो. तो धोका का पत्करायचा?

दोन, तुमच्या व्हीडीआयला एअरबॅग आहेत का? नव्या आय-ट्वेंटीला सगळ्या मॉडेलमध्ये सहा येतात. मी घेतली तर त्यासाठी घेईन, वेगासाठी नाही.

---

स्वप्निल:

शुभांगीताईंच्या एअरबॅगच्या मुद्द्याला अनुमोदन.

घ्यायचीच असेल तर आकडे नीट वाचा. एन लाइनचं १ लिटर टर्बो १२० पीएस, १७२ एनएम. कागदावर टॉर्क तुमच्या डिझेलपेक्षा कमी! पण तो १५०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो आणि ४००० पर्यंत टिकतो. खंबाटकीत ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये अडकल्यावर नेमकं तेच लागतं. पोलो घेणार असाल तर २०२० नंतरची १.० टीएसआय बघा, ११० पीएस, १७५ एनएम, तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स साधा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर देणारा) आहे. त्याआधीच्या १.२ जीटीला ड्राय क्लचचा (तेलाशिवाय चालणारे दोन क्लच) डीएसजी ऑटोमॅटिक, तो घाटातल्या सरकत्या ट्रॅफिकमध्ये तापतो आणि दुरुस्ती महाग. मात्र पोलो २०२२ ला बंद झाली, तेव्हा काच-बंपर किती दिवसांत मिळतात ते आधी विचारा. नवीन गाडीला सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, आधी २८ वर सेस होता, त्यामुळे जुन्या-नव्यातलं अंतर कमी झालंय.

ज्यांना साधी नवी स्विफ्ट सुचवावीशी वाटेल त्यांच्यासाठी: ८२ पीएस, ११२ एनएम, टर्बो नाही. घाटात संदीपला जुनीच बरी वाटेल.

---

प्रसाद:

सगळ्यांचे आभार. रीमॅप बाद. संदीपलाही शुभांगीताईंची मेल वाचून दाखवली, त्याला पटलं.

काका, टायरवर १८१९ आहे, म्हणजे २०१९ चे. बदलतो.

आता खरी अडचण. गाडी माझ्या नावावर आणि परिवहनच्या साइटवर जो मोबाइल आहे तो माझा जुना नंबर, कधीच बंद झाला. ओटीपी येणार कुठं? विकायची म्हटलं तरी तेच, नूतनीकरण म्हटलं तरी तेच.

---

मंदार:

आधारला कुठला नंबर आहे? तो चालू असेल तर वाहनच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं मोबाइल बदलता येतो.

---

प्रसाद:

आधारलाही तोच.

---

शुभांगी:

मग आधी आधार, ते तुम्ही भारतात गेल्याशिवाय होणार नाही. सुट्टीचं तिकीट कधीचं आहे? फॉर्म २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) मुदतीच्या आधी ६० दिवसांच्या आतच घेतात, म्हणजे सप्टेंबरच्या आधी जाऊन त्याचा उपयोग नाही.

---

अरविंदकाका:

नूतनीकरण कशाला करतोस तुझ्या नावानं? गाडी संदीप चालवतो, संदीपच्या नावावर कर. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या. पुढची फिटनेस, पर्यावरण कर, पाच हजार फी, सगळं त्याच्या नंबरवर येईल आणि एमएच-११ चं, म्हणजे साताऱ्याचं आरटीओ ऑफिस त्याला जवळ आहे. मात्र कर्ज काढून घेतली होतीस ना? आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का ते बघ. असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा अर्ज) आणि बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) लागेल, तिची मुदत तीनच महिने असते. आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर आरटीओत कुठलंच काम पुढं सरकत नाही.

---

प्रसाद:

काका, बँकेचं नाव आहे. कर्ज २०१६ लाच फिटलं, एनओसी घरी कपाटात आहे असं दादा म्हणाले, म्हणजे तिची मुदत कधीच संपली. संदीप सोमवारी सुट्टी काढून पोवई नाक्याला बँकेत जातोय, नवीन मागायला. नंबरप्लेटचा स्लॉटही तो घेतो.

ठरलं ते असं: टायर, ब्रेक, बुश लगेच, मंदारनं सांगितलेली क्लचची तपासणी याच शुक्रवारी घाट चढताना. ऑक्टोबरात मी येतो, आधार आणि नावबदल करून घेतो. एन लाइनची टेस्ट ड्राइव्ह तेव्हाच, दादांना मागच्या सीटवर बसवून. त्यांचे गुडघे वाकले तरच पुढचं.

---

स्वप्निल:

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. यवतेश्वरापर्यंत न्यायला परवानगी मागा, चार माणसं बसवून आणि एसी लावून.

---

विद्या (यादी व्यवस्था):

फॉर्म २९ च्या दोन प्रती लागतात, माझ्या भावाला त्यासाठी परत पाठवलं होतं. शुभांगीताई, मखर शनिवारीच येतंय, किल्ली शुक्रवारी घ्या.