हाँगकाँगचं चॅनल आपल्या गल्लीत कसं पोचायचं?

चाळीतला_अँटेना: 91-92 साली केबलवाल्याने गच्चीवर मोठी डिश लावली आणि एकदम हाँगकाँगचं स्टार टीव्ही, बीबीसी सगळं दिसायला लागलं. एकाच सॅटेलाइटवरून इतके देश कसे कव्हर व्हायचे? मग अमेरिकेत तेच का नाही दिसायचं?

कक्षा36: तो एशियासॅट-1. विषुववृत्तावर साधारण 36 हजार किमी उंचीवर, पृथ्वीबरोबरच फिरतो म्हणून डिश हलवावी लागत नाही. दोन बीम (सिग्नलचे झोत) होते, उत्तरेचा चीन-कोरियाकडे आणि दक्षिणेचा आपल्यापासून आखातापर्यंत. अमेरिका क्षितिजाखाली, इतक्या उंचीवरच्या एका सॅटेलाइटला फार तर 42 टक्के पृथ्वी दिसते, त्यामुळे तिकडे न्यायचं तर मध्ये कुठेतरी सिग्नल उतरवून दुसऱ्या सॅटेलाइटवर चढवायचा. आता बरंचसं फायबरनेच जातं.

भंगारप्रेमी: गंमत म्हणजे तो सेकंडहँड होता राव! मूळचा वेस्टार-6, 1984 च्या फेब्रुवारीत नासाच्या स्पेस शटलमधून सोडला, मोटर फसली, चुकीच्या कक्षेत अडकला. नोव्हेंबरात डिस्कव्हरी या शटलच्या अंतराळवीरांनी पकडून परत आणला, दुरुस्त केला आणि एप्रिल 1990 मध्ये चीनच्या लाँग मार्च रॉकेटने पुन्हा वर. झी टीव्ही पण ऑक्टोबर 92 ला त्याच्यावरूनच सुरू झालं.

चाळीतला_अँटेना: भारीच की! पण तेव्हा पावसात चित्र जायचं नाही, आता घरच्या छोट्या डिशचं लगेच जातं, असं का?

कक्षा36: तो सी बँड होता, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीचा, पावसाला फारशी दाद देत नाही पण डिश मोठी लागते. घरची डिश केयू बँडवर, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीवर, जोराचा पाऊस आला की तो सिग्नल गिळतो.