मदत हवी आहे: पावसात टिकणारा आकाशकंदील आणि गमबुटात घालायचे हातविणीचे मोजे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टात आम्ही ब्रिस्टलहून वेल्समधल्या ग्रीन मॅन महोत्सवाला चाललोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सध्या पुण्याहून आलेली माझी आई. सोबत ओळखीची आणखी तीन घरं. चार रात्री तंबूत काढायच्या आहेत. आईला आधीच कल्पना दिली, तर म्हणाली, "वारीत पालात झोपलेय मी, मला काय सांगतेस?" त्यामुळे तो प्रश्न मिटला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००३ साली सुरू झालेला हा संगीत महोत्सव आता क्रिकहॉवेल गावाजवळ, अस्क नदीच्या काठी भरतो. मुख्य मंचाचं नावच माउंटन स्टेज, आणि डोंगर खरोखरच समोर उभे असतात. मुलांसाठी विज्ञानाचे खेळ असलेला 'आइन्स्टाइन्स गार्डन' नावाचा वेगळा भाग आहे. शेवटच्या रात्री लाकडाचा भलामोठा ग्रीन मॅन पेटवतात, त्याआधी लोक आपापल्या इच्छा चिठ्ठीवर लिहून त्यात ठेवतात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे होळीच की!" आणि तिथून तिचा उत्साह जो वाढला तो आता आवरेना.

आता अडचण. पहिली मोज्यांची. आईने सगळ्यांसाठी मोजे विणायला घेतलेत. लोकर तुळशीबागेतून आणलेली, म्हणजे ॲक्रिलिक. रंग लाल आणि हळदी. पहिला जोड तयार आहे आणि दिसतो फार सुंदर. माप ती दुकानदारासारखं घेते, मोज्याचा तळवा मुठीभोवती गुंडाळून, टाच आणि टोक जुळलं की झालं. पण ती दोन सुयांवर सपाट विणते आणि मग शिवते, त्यामुळे शिवण बरोबर तळव्याखाली येते. घरात ठीक, पण गमबूट घालून दिवसभर चिखलात फिरायचं म्हणजे फोड येणार. शिवाय पोटरीवर ढिला असल्याने मोजा बुटात घसरून टाचेखाली गोळा होतो. मी मोज्यांची खास लोकर आणून ठेवलीय (७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमचा गुंडा). पण पाच सुयांवर गोल विणायला आई तयार नाही. दोन सुयांवर तळव्याची शिवण टाळता येईल का? माझ्या पायाचा घेर साडेतेवीस सेंमी, पोटरी ३६ सेंमी. आणि ॲक्रिलिकच्या जोडाचं काय करू? "हे नको" असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

दुसरी अडचण सजावटीची. तिथे हजारो तंबू असतात आणि बहुतेक हिरवे नाहीतर राखाडी. रात्री आपला सापडणं मुश्कील. म्हणून काठीवर आकाशकंदील लावायचा असं मुलांनी ठरवलंय. पतंगाचा कागद तिथे तासभरही टिकणार नाही. वेल्सचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण एकदा रिपरिप लागली की दिवसभर हटत नाही. कशाने मढवू? शिवाय आईच्या जुन्या सुती साड्यांच्या पताका करायच्या आहेत, त्यातल्या लाल साडीचा रंग जाईल अशी शंका आहे. चमकी आणि थर्माकोल मी आधीच बाद केलंय, गवतात पडलेली चमकी कोण वेचत बसणार! पणत्या-मेणबत्त्याही नकोत, तंबूचं कापड भसकन पेटतं.

ब्रिस्टलकरीण

लोकरवेडी:
काकूंना माझा नमस्कार सांग. पाच सुयांची अजिबात गरज नाही, जुन्या पुस्तकांत दोन सुयांचे मोजे असायचेच. पोटरीचा भाग सपाट विणायचा, त्याची शिवण मागे येते. घोट्याशी आलं की मधले निम्मे टाके घेऊन पायाची वरची बाजू बोटांपर्यंत विणायची. मग कडेचे उरलेले दोन्ही पाव भाग एका सुईवर आणून टाच वळवायची आणि पुढे तळवा विणत जायचा. शिवण पायाच्या दोन्ही बाजूंना येते, तळव्याखाली काही नाही. शिवताना दोन्ही कडा समोरासमोर ठेवून सपाट शिवा, कडेवर कड घेऊन नको, नाहीतर आत धार राहते.

घसरण्याचं कारण माप. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवा, ताणून बसला की हलत नाही. अडीच मिमीच्या सुईवर १० सेंमीत ३० टाके येत असतील (आधी तुकडा विणून मोजा, प्रत्येकीचा हात वेगळा असतो), तर तुझ्या पायाला ६४ टाके. पोटरीला ९६ ने सुरुवात कर, दोन सुलट दोन उलट, आणि मागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना हळूहळू घटवत घोट्यापर्यंत ६४ वर ये. शिवणीसाठी २ टाके जास्तीचे धर. गमबुटाच्या काठाबाहेर दुमडता येईल इतका लांब कर, म्हणजे रबर पोटरीला घासत नाही. १०० ग्रॅम गुडघ्यापर्यंत पुरणार नाही, अजून एक गुंडा आण. वेगळ्या रंगाचा आणून टाच आणि चवडा त्यात केलास तर जास्त छान.

ॲक्रिलिकचा जोड झोपायचा! डोंगरातला गारठा ऑगस्टातही बोचतो. पिशवीत बांधून झोपण्याच्या बॅगेत ठेव, रात्रीशिवाय काढायचा नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिते तरी ओली लागत नाही, ॲक्रिलिकला ते जमत नाही, म्हणून ते बुटात नको. फक्त स्टोव्हपासून लांब, वितळतं. काकूंना सांग, दिवसाचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे मोजे हवेत. खोटंही नाही ते.

चिंब:
कंदिलाला तुटलेल्या छत्र्या गोळा करा. रंगीत छत्रीचं कापड हलकं, पाणी न धरणारं, आणि आत दिवा लावला की चांगलं उजळतं. काळं घेऊ नका. कामट्यांचे सांधे दोऱ्यानेच बांधा, पांढरा डिंक ओलाव्यात सुटतो. दोऱ्यावर मेण घासा, गाठ सरकत नाही. खाली एक भोक ठेवा, नाहीतर पाणी साचून कंदील लोंबतो. शेपट्या कमी आणि आखूड, वाऱ्यात त्याच सगळ्यात आधी काठी वाकवतात. दिवा बॅटरीचा एलईडी, झिपच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड खाली. सौर माळांवर तिथे भरवसा ठेवू नका. आणि काठी तंबूला बांधायची नाही, तिला स्वतःचे तीन ताणाचे दोर द्या.

नाडीपट्टी:
लाल कपडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून धर. रुमाल रंगला तर पताका शेजाऱ्यांच्या तंबूवर होळी खेळणार. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हा समज आहे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय. काठ-पदर सरळ कापायचे, त्रिकोण नागमोडी कात्रीने, म्हणजे उसवत नाहीत. उरलेल्या चिंध्या तंबूच्या दोऱ्यांना बांधा, अंधारात लोक दोऱ्यांनाच अडखळतात.

स्पष्टवक्ता:
चार दिवसांसाठी एवढा खटाटोप? मोजे दुकानात मिळतात, कंदील ऑनलाइन.

लोकरवेडी:
मिळतात. काकू मिळतात का ऑनलाइन?

ब्रिस्टलकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला लोकरवेडींचा प्रतिसाद वाचून दाखवला. "अगं, हे माझ्या आईला यायचं" म्हणाली आणि लगेच तुकडा विणायला बसली. तिचा हात घट्ट आहे, १० सेंमीत ३२ टाके भरताहेत, म्हणजे सुई थोडी मोठी घ्यावी का टाके वाढवावेत? झोपायचे मोजे मात्र तिने एकदम मान्य केले, उलट आता सगळ्यांनाच हवेत म्हणते.

अजून एक. आम्ही गाडीने नाही, ट्रेनने ॲबरगव्हेनीपर्यंत आणि तिथून बसने जाणार. तीन मीटरची काठी नेऊ कशी?

लोकरवेडी:
पावणेतीन मिमीची सुई घे आणि पुन्हा तुकडा विणून मोज. टाके वाढवू नकोस, घट्ट हाताने विणलेला मोजा टाचेवर जास्त टिकतो खरा, पण घालताना काकूंनाच शिव्या बसतील.

चिंब:
मासेमारीची घडीची काठी घ्या, एकात एक सरकणारी. बंद केली की मीटरभर होते, पाठपिशवीला उभी बांधता येते. फक्त कार्बनची नको, फायबरग्लासची बघा, स्वस्तही असते. सगळ्यात वरचं बारीक टोक काढून ठेवा, कंदिलाचं वजन त्याला पेलत नाही. आणि विजा चमकायला लागल्या की कंदीलासकट खाली घ्यायची.