बायकांच्या हृदयाला योगा पुरेसा आहे का? मी म्हणते हो

कोथरूडकरीण: पन्नाशी आली, पाळी गेली आणि बीपी निघालं १४८/९२. झोप नाही, चिडचिड तर इतकी की लेकीने साधं काही विचारलं तरी रडू यायचं. मैत्रिणीने ओढत योगाच्या क्लासला नेलं, त्याला आता दहा महिने झाले, गोळी चालूच आहे पण बीपी १२८ च्या आसपास असतं आणि मुख्य म्हणजे सकाळी उठावंसं वाटतं. अय्यंगार गुरुजींच्या पुण्यात राहून बायका 'वेळ नाही' म्हणतात, वाईट वाटतं. हृदयासाठी योगा पुरेसा आहे, माझं स्पष्ट मत.

तळजाईवाला: मूडचं शंभर टक्के मान्य. पण पुरेसा? नाही ताई. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, तिथे शवासन काय करणार? डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे भराभर चालणं वगैरे, वर दोन दिवस ताकदीचे व्यायाम. माझ्या मावशीचा जबडा दुखत होता, मळमळत होतं, पित्त समजून दोन दिवस प्राणायाम करत बसली. अटॅक होता तो.

कोथरूडकरीण: मावशींचं वाचून पोटात गोळा आला. पण दादा, त्यात योगाचा काय दोष? आपल्या बायका दुखणं अंगावरच काढतात. सावकाश श्वास घेतला की ठोके शांत होतात हे मी रोज अनुभवते.

वॉर्डातली_सिस्टर: भारतात २४ हॉस्पिटलांत अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ पेशंटवर योगाची ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली. योगा करणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, पूर्वीची कामं जास्त जमायला लागली, पण मृत्यू किंवा परत अटॅक यात ठोस फरक सिद्ध झाला नाही. आणि त्यात बहुतेक पुरुषच होते.

कोथरूडकरीण: मग बायकांवर नीट तपासलंच नाही तर उपयोग नाही असं कसं म्हणता?

वॉर्डातली_सिस्टर: आणि पुरेसा आहे असं तरी कसं म्हणायचं ताई? लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलंत?

कोथरूडकरीण: तीन वर्षं झाली. बरं, 'पुरेसा' मागे घेते, या आठवड्यात करून घेते. पण माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना तळजाईची टेकडी कोण चढवणार, त्यांच्यासाठी खुर्चीवरचा योगा हाच व्यायाम आणि तोच दिवसातला आनंद.

तळजाईवाला: त्यांचा अजिबात बंद करू नका. तुम्ही मात्र या, मी आणि बायको रोज सहाला निघतो.