होई आनमध्ये सूट शिवायचा आहे, चार दिवस पुरतील का?

कोपरखैरणेकर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिएतनामला जातोय, होई आनला चार रात्री मुक्काम आहे. डिसेंबरात घरचं लग्न आहे, म्हणून दोन सूट, एक बंदगळा, सहा शर्ट आणि बायकोसाठी दोन ड्रेस तिथेच शिवून आणायचा विचार आहे. एवढं चार दिवसांत होतं का? कापड इथून न्यावं का? आणि घरी आल्यावर काही बिघडलेलं दिसलं तर वाशी-ठाण्यात दुरुस्त करून मिळतं का?

मुंढा_मोहरी (नौपाडा):
चार रात्रींत एक सूट नीट होतो. दोन हवेच असतील तर पहिल्याची दुसरी ट्रायल झाल्यावरच दुसरा कापायला सांगा, म्हणजे चूक दोन्हीकडे जाणार नाही. बंदगळा यादीतून काढा. गळपट्टीची उंची आणि समोरचा बंद यात तिथले कारागीर रोज हात घालत नाहीत. तो आपल्याकडेच.

पोहोचल्या दिवशी संध्याकाळीच माप द्या. सूटवर घालणार त्याच बुटांत आणि त्याच जाडीच्या शर्टात उभे राहा, खिशात फोन-पाकीट नको, पोट आत ओढू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली ट्रायल कच्च्या टाक्यावरची मागा: अस्तर लागलेलं नाही, बाह्या नुसत्या टाचलेल्या. ‘२४ तासांत सूट’वाल्याकडे ही ट्रायलच नसते. पहिल्यांदा अंगावर चढतो तो अस्तरासकट तयार कोट. मग कंबर आणि बाहीची लांबी सोडून फारसं काही हलवता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुसरी ट्रायल. चौथा दिवस राखीव ठेवा, त्या दिवशी काहीही ठरवू नका.

राखीव दिवस का, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनला जोरदार पाऊस असतो आणि थू बोन नदीचं पाणी जुन्या शहरात शिरतं. बऱ्याच दुकानांत फक्त माप घेतात, शिलाई दुसरीकडे कारखान्यात होते. रस्ता पाण्याखाली गेला की तुमचा कोट तिकडेच. जमलं तर प्रवासाच्या सुरुवातीलाच होई आन घ्या. मुक्काम शेवटी असेल तर सुटायला जागाच उरत नाही.

कापडखोळ (ऐरोली):
कापडाबद्दल. इथून नेलेलं कापड शिवायला दुकानदार नाखूश असतो, कारण त्याची कमाई कापडातच असते. तरी न्यायचंच असेल तर ५८ इंच पन्ह्याचं, कोट-पँटला सव्वातीन मीटर, चौकटीचं असल्यास अर्धा मीटर जास्त. उंच किंवा जाड माणसाला साडेतीन धरा.

तिथलं घेणार असाल तर ‘काश्मिरी वूल’, ‘इटालियन वूल’ या शब्दांवर जाऊ नका. ठाणातून चार धागे ओढून जाळून दाखवायला सांगा. लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. काडी पेटवायला कां-कू करणाऱ्या दुकानातून उठा. ‘सिल्क’लाही हीच परीक्षा.

‘सुपर १५०’चा मोह टाळा. हा आकडा तंतूच्या बारीकपणाचा: सुपर १०० म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ, पण चुरगळणारं आणि लवकर झिजणारं. आपल्या दमट हवेत सुपर १०० ते १२०, मीटरला २४० ते २८० ग्रॅम, आणि पाठीत अर्धंच अस्तर. पूर्ण अस्तर बहुधा पॉलिएस्टरचं असतं. मे महिन्यात हॉलमधला एसी बंद पडला की काय होतं ते सांगायला नको.

घोडबंदर_४२:
माझं मत वेगळं आहे. सूटसाठी एवढी यातायात कशाला? मंगलदास मार्केटमधून कापड आणा आणि ठाण्यातल्या टेलरला तीन आठवडे द्या. ट्रायल हव्या तितक्या, बिघडलं तर दुकान समोरच. फक्त दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा हातातलं काम उरकण्याची घाई असते आणि नव्या ऑर्डरी बंद असतात. होई आनला शर्ट आणि पँटी शिवा, त्यात धोका कमी.

शर्टातही एक पाळा: आधी एकच शिवून घ्या, हॉटेलात धुऊन वाळवा, मगच बाकीचे पाच सांगा. सुती कापड पहिल्या धुण्यात दोन-तीन टक्के आटू शकतं. १६ इंची कॉलर तीन टक्के आटली तर जवळपास अर्धा इंच गेला, म्हणजे वरचं बटण लागणारच नाही. एक तर कापड आधी भिजवून घ्यायला सांगा, नाहीतर कॉलर अर्धा इंच आणि लांबी एक इंच वाढवून घ्या.

कोपरखैरणेकर:
बंदगळा रद्द, सूट एकच. पण दुरुस्तीचं अजून कळलं नाही. इथला टेलर नक्की काय करू शकतो?

मुंढा_मोहरी (नौपाडा):
मोठा मुद्दा हाच, आणि त्याची तजवीज तिथेच करावी लागते. पँटची कंबर, आसन, मोहरी, लांबी, कोटाची कंबर, बाहीची लांबी – हे कुठलाही बरा टेलर करतो, पण आत दाब (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेला असेल तरच. म्हणून मापाच्या वेळीच सांगा: पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच, कोटाच्या बाजूच्या शिवणीत एक इंच, पायाला दोन इंच. सांगितलं नाही तर जादा कापड छाटून ओव्हरलॉक मारतात. मग आत घेता येतं, बाहेर सोडता येत नाही.

बाहीची गोम वेगळी आहे. मनगटाकडची काजं खरी कापलेली असली की खालून अर्ध्या इंचापलीकडे आखूड करता येत नाही. बटणं कडेला येऊन भिडतात. मग बाही खांद्याकडून उसवावी लागते आणि त्या कामाला फार कमी जण तयार होतात. शेवटच्या ट्रायलपर्यंत काजं कापू देऊ नका. शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसला की लांबी बरोबर.

इथे दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी चार. खांद्याची रुंदी. कोटाची लांबी, कारण खिसे आणि बटणं आपल्या जागी राहतात. खोल कापलेला मुंढा (बाही जोडतात तो घेर), कारण तिथलं कापड गेलेलंच असतं. हात वर केला की अख्खा कोट वर येतो. आणि फ्यूजिंग सुटून छातीवर आलेले फुगे. फ्यूजिंग म्हणजे कापडाला आतून गोंदाने चिकटवलेलं बक्रम, कडकपणा देणारा थर. वाफ आणि ड्रायक्लीनिंगने गोंद सुटला की पुन्हा सारखं बसत नाही. म्हणून ‘कॅनव्हास’ (न चिकटवता टाक्यांनी बसवलेला आतला थर) लावल्याचं सांगितलं तर पडताळा: सर्वांत खालच्या बटणाच्या वर वरचं कापड एका हाताच्या चिमटीत, आतलं दुसऱ्या, आणि हलकेच वेगळं करा. मध्ये तिसरा सुटा थर लागला तर कॅनव्हास, नाही लागला तर फ्यूजिंग. स्वस्त सूटला फ्यूजिंग असणारच, त्यात फसवणूक नाही. फसवणूक आहे ती कॅनव्हासचे पैसे घेण्यात.

ट्रायलला आरशावर भिस्त ठेवू नका, समोरून, बाजूने, पाठीमागून फोटो काढून घ्या. बटणापाशी फुलीसारख्या सुरकुत्या दिसल्या तर पोटात तंग. कॉलरखाली आडवी वळी असेल तर मानेपाशी पाठीचं कापड जास्त झालंय. कॉलर मानेपासून सुटत असेल तर अजिबात ‘चालेल’ म्हणू नका.

मैत्रेयी_खारघर:
ताईंच्या ड्रेससाठी अंगात नीट बसणारा एक जुना ड्रेस न्या. फोटोवरून शिवलेलं क्वचितच तसं उतरतं. साडीवरचे ब्लाउज तिथे नकोच. आणि हॉटेलवाला किंवा ड्रायव्हर सुचवेल त्या दुकानात बिलात त्याचं कमिशन असतं, ते धरूनच भाव करा. आगाऊ निम्म्याहून जास्त देऊ नका, पावतीवर कापडाचं नाव, अस्तर, ट्रायल किती ते लिहून घ्या आणि कापडाचा तुकडा टाचून मागा. तोच तुकडा शेवटच्या ट्रायलला कोटाशी ताडून पाहा.

‘वेळ कमी आहे, घरी कुरिअर करतो’ याला हो म्हणू नका. शेवटची ट्रायल बुडते, आणि सोबत आणलेल्या सामानाला मिळणारी करसवलत कुरिअरला लागू होत नाही. कोट बॅगेत ठेवताना खांदे उलटे करून आत मऊ कपडे भरा. घरी आल्यावर प्लास्टिकचं कव्हर लगेच काढा, आपल्याकडे त्यात बुरशी येते. सुती कव्हर, रुंद खांद्याचा हँगर.