आईसाठी जुनी मोठी सेडान घ्यावी का? दारव्हा-दिग्रसकडच्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

आईला दर महिन्याला दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. गुडघ्यांमुळे उंच गाडीत चढता येत नाही, लहान गाडीत पाय लांब होत नाहीत. बाबांनी नागपुरात १० वर्षं जुनी, मोठी पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान पाहिली आहे. नवी होती तेव्हा २५ लाखांच्या पुढची, आता साडेचार लाखांत मिळते आहे. पैसे मी पाठवीन, पण टोरांटोत बसून मला त्यातलं काही कळत नाही. पुढे खर्च किती निघेल?

दारव्ह्याची लेक

——

ताई,

मी बाबांसाठी दिग्रसला अशीच एक गाडी घेऊन दिली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीचा भाव उतरला तरी तिचे पार्ट अजून २५ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. आमचा पहिल्या वर्षाचा खर्च असा झाला: चार टायर ३८,०००, पुढच्या चाकांना धरणारे दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट मिळून २६,०००, इंजिन माउंटिंग २१,०००, रेडिएटर आणि वॉटर पंप १९,०००, एसीचा कंडेन्सर गॅससकट १७,०००, बॅटरी ७,५००. वर गाडी उचलून नेण्याचे ९,०००. म्हणजे १,३७,५०० रुपये, आणि यात पेट्रोल, विमा धरलेला नाही.

रेडिएटरचा खर्च मात्र टळला असता. एप्रिलात ड्रायव्हरला कूलंट कमी दिसलं, त्याने सरळ विहिरीचं पाणी ओतलं. आपल्याकडचं पाणी जड. आत क्षार धरले, वॉटर पंपाचं सील गेलं आणि यवतमाळ सोडल्यावर कळंबच्या अलीकडे तापमानाचा काटा लालवर गेला. ड्रायव्हरने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं म्हणून हेड गॅस्केट वाचलं, नाहीतर इंजिनच खोलावं लागलं असतं. मिस्त्री आला, बोनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हे आपल्याच्यानं नाही होत. नागपूरलेच न्या लागन." बाबा अडीच तास लिंबाच्या झाडाखाली बसून होते. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. आईला घेऊन जाताना असं होऊ नये, मला खरी काळजी त्याची आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तयार कूलंट डिकीत ठेवा आणि ड्रायव्हरला ताकीद द्या.

रस्त्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. जड गाडीच्या लोअर आर्ममधले रबरी बुश त्यातच जातात. पोट खाली असल्याने ऑइल चेंबरही घासतो, म्हणून खालून लोखंडी गार्ड लावून घ्या. घरात कापूस भरलेला असेल तर गाडी त्या बाजूला उभी करू नका. उंदीर बोनेटमध्ये घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. आमची नशिबाने वाचली, शेजाऱ्यांची नाही.

दिग्रसचा, सध्या डॅलस

——

ताई, दादांनी लिहिलं ते पटलं. मी गिअरबॉक्सबद्दल लिहितो, कारण सगळ्यात मोठं बिल तिथे निघतं.

स्कोडा सुपर्बच्या जुन्या १.८ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्याचा गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक युनिट गेला तर बिल लाखाच्या वर जाऊ शकतं. २.० डिझेलचा सहा स्पीडचा वेट क्लच, म्हणजे तेलात फिरणारा, त्यापेक्षा सोसणारा, पण त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं. बिल मागा, तोंडी हमीवर जाऊ नका. टोयोटा कॅमरी हायब्रिड असेल तर मोठ्या बॅटरीला हवा देणारी मागच्या सीटजवळची जाळी साफ आहे का बघा. आपल्या धुळीत ती बुजते आणि बॅटरी तापते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. उन्हाळ्यात ४५ अंशांत जुनं रबर समृद्धीवर १२० च्या वेगाने पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि नंबर डीएल असेल तर आधीच्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलला आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोलला बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या पुष्कळ गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या.

गिअरबॉक्स कोणता आहे ते कळवा.

वर्ध्याचा, सध्या स्टुटगार्ट

——

दोघांचेही मनापासून आभार. रात्री बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

गिअरबॉक्स साधा सहा स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला आहे, डीएसजी नाही. नंबर एमएच ३१, मालक एकच. टायरवर मात्र ०९१७ निघालं. बाबांनी मालकाला ४०,००० कमी करायला सांगितलं, तो ३०,००० वर आला आहे. आई मागे बसून बघून आली, पाय पूर्ण लांब होतात म्हणाली. सौदा झाला तरी १,५०,००० वेगळे बाजूला ठेवीन. रविवारी बाबा गाडी लिफ्टवर चढवून खालून दाखवून घेणार आहेत. लोअर आर्म आणि ऑइल चेंबरशिवाय खालून आणखी काय बघायचं, ते शनिवारपर्यंत लिहाल का?